एजन्सीवाला म्हणतो 'काही होत नाही', पण डोमेन कुणाचं?

गेल्या वेळी वेबसाइटच्या स्पीडबद्दल लिहिलं होतं. त्यावर स्पीडबद्दल दोन प्रश्न आले आणि बाकी सगळे एसइओचे, म्हणजे गुगलच्या शोधात साइट वर आणण्याच्या कामाचे! त्यातले सारखे सारखे एकत्र करून उत्तरं देतोय. नावं मुद्दाम काढलीत, कारण बऱ्याच जणांनी आपल्याच एजन्सीबद्दल तक्रार केलीय.

प्रश्न : माझी ऑनलाइन कोर्सेसची वेबसाइट आहे. एक एजन्सी ९० दिवसांत गुगलवर पहिला नंबर देतो म्हणतेय, गॅरंटीसकट. महिन्याला २०० बॅकलिंक (दुसऱ्या साइटवरून आपल्या साइटला येणाऱ्या लिंक) देणार. कुठून देणार विचारलं तर म्हणाले, ते आमचं सिक्रेट आहे. काम द्यावं का?

नका देऊ. आता का ते सांगतो, जरा लांबेल.

पहिल्या नंबरची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही, हे मी नाही म्हणत, गुगलच्याच मदतपानावर लिहिलंय. आणि जो काय करतो ते नीट सांगत नाही त्याच्यापासून जपून राहा, हेही तिथेच आहे. एसइओचा फायदा दिसायला साधारण ४ महिने ते १ वर्ष लागतं असंही गुगल सांगतं, म्हणजे ९० दिवसांचं गणित तिथेच बसत नाही.

आता बॅकलिंक. १९९८ मध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी गुगल काढलं तेव्हा त्यांची मूळ कल्पना अशी होती की एखाद्या पानाने दुसऱ्या पानाला लिंक दिली म्हणजे ते एक प्रकारचं मत दिलं, आणि ज्याला स्वतःला जास्त मतं त्याचं मतही जास्त वजनदार. कल्पना भारीच होती, पण मताला किंमत आली की मतं विकणारेही येतातच ना! मग कमेंटमध्ये लिंक टाकणारी सॉफ्टवेअर आली, फुटरमधली (पानाच्या तळातली) लिंक भाड्याने मिळायला लागली, कुणीतरी सोडून दिलेली जुनी डोमेन्स (साइटचे पत्ते) विकत घेऊन त्यांचं जाळं बांधणारे आले आणि ती सगळी मतं एकाच माणसाच्या खिशातून पडायला लागली. तुमच्या २०० लिंक यातूनच येणार, दुसरीकडून कुठून येणार? महिन्याला २०० वेगवेगळ्या लोकांना तुमचा कोर्स मनापासून आवडला आणि त्यांनी आपणहून लिंक दिली, असं झालं असतं तर एजन्सी लागलीच नसती.

एक जुनी केस सांगतो. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने जेसी पेनी या अमेरिकन रिटेल कंपनीचं प्रकरण छापलं. कपडे, चादरी, गालिचे, काहीही शोधा, ही कंपनी वर. का, तर काही संबंध नसलेल्या हजारो साइटवरून त्यांना लिंक होत्या. गुगलने हाताने, म्हणजे माणसांनी तपासून, कारवाई केली आणि सॅमसोनाइटच्या प्रवासी बॅगेच्या एका सर्चमध्ये कंपनी संध्याकाळी ७ वाजता १ नंबरला होती ती दोन तासांत ७१ व्या नंबरला गेली. कंपनी म्हणाली आम्हाला काही माहीतच नव्हतं, आणि एसइओ कंपनीला काढून टाकलं. असेलही खरं. पण खाली गेली कोणाची साइट? एसइओ कंपनीची नाही. करून गेले गाव आणि कांदळकरचे नाव, अगदी तसंच.

मला या सगळ्यात नीती-अनीतीपेक्षा हीच गोष्ट जास्त खटकते. एजन्सी महिन्याचे पैसे घेणार, सहा महिने आलेख वर जाताना दाखवणार, आणि साइट पडली की तिला दुसरे वीस क्लायंट आहेतच. तुमच्याकडे डोमेन एकच आहे. धोका पत्करायचाच असेल तर निदान तो कुणाच्या डोक्यावर आहे ते बघून पत्करा.

आणि हो, पैसे देऊन लिंक घेणं हाच गुन्हा आहे असं नाही. जाहिरात म्हणून घ्या की. फक्त त्या लिंकवर 'स्पॉन्सर्ड' किंवा 'नोफॉलो' असा ॲट्रिब्यूट (लिंकच्या कोडमधली खूण) लावायचा असतो, म्हणजे ही विकत घेतलेली आहे, मत म्हणून मोजू नका, असं गुगलला कळतं. नोफॉलो २००५ पासून आहे, स्पॉन्सर्ड २०१९ ला आला. एजन्सीला विचारून बघा, तुमच्या लिंकवर हे लावणार का. तोंडं बघण्यासारखी होतात.

गंमत म्हणजे जानेवारी २०१२ मध्ये गुगलनेच क्रोम ब्राउझरच्या स्वतःच्या पानाला रँकिंगमध्ये खाली ढकललं होतं, कारण क्रोमच्या जाहिरातीसाठी पैसे देऊन लिहून घेतलेल्या मजकुरात एक लिंक नोफॉलो न लावता गेली होती. शिक्षा किमान ६० दिवसांची. 'आम्हाला माहीत नव्हतं' हे घरच्यांचंही चाललं नाही.

प्रश्न : आमच्या डेव्हलपरने होमपेजच्या खाली पांढऱ्या बॅकग्राउंडवर पांढऱ्या अक्षरात ८०-९० कीवर्ड (लोक गुगलवर शोधतात ते शब्द) टाकलेत. शिवाय मेटा कीवर्ड टॅगमध्येही (पानाच्या कोडमधली न दिसणारी कीवर्डची यादी). म्हणतो सगळेच करतात.

सगळे करायचे, वीस वर्षांपूर्वी. मेटा कीवर्ड टॅग गुगल रँकिंगसाठी वापरत नाही हे त्यांनी २००९ लाच जाहीर केलंय, त्यामुळे तो असला काय नसला काय, स्पर्धकाला तुमचे कीवर्ड फुकट वाचायला मिळतात एवढंच. पांढरी अक्षरं मात्र आजच काढा. वाचणाऱ्याला न दाखवता फक्त गुगलला दाखवायचा मजकूर, हे स्पॅम पॉलिसीत नाव घेऊन लिहिलेलं आहे. टॅबमध्ये किंवा 'अजून वाचा' बटणाखाली लपलेला मजकूर वेगळा, तो चालतो, कारण क्लिक केलं की माणसाला दिसतो.

याचाच मोठा भाऊ म्हणजे क्लोकिंग आणि डोअरवे पेज. क्लोकिंग म्हणजे गुगलला एक पान, माणसाला दुसरंच; डोअरवे म्हणजे फक्त गुगलसाठी बनवलेलं, माणसाला पुढे ढकलणारं पान. २००६ मध्ये बीएमडब्ल्यूची जर्मन साइट यासाठी गुगलच्या इंडेक्समधून (शोधाच्या यादीतून) चक्क काढली होती, 'जुन्या गाड्या' या अर्थाचा जर्मन शब्द ठासून भरलेली पानं गुगलसाठी आणि माणूस आला की त्याला उचलून भलत्याच पानावर. एवढ्या मोठ्या कंपनीला सोडलं नाही, तुमच्या डेव्हलपरला कोण विचारतो?

प्रश्न : एआयने महिन्याला ३०० लेख टाकायचा प्लॅन आहे. काही जण म्हणतात गुगल एआयचे लेख पकडतं आणि बॅन करतं, काही म्हणतात काही होत नाही. नक्की काय?

दोघंही अर्धवट सांगतायत. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुगलने स्पष्ट केलं की लेख कसा तयार केला यापेक्षा तो कसा आहे हे बघतो. म्हणजे एआय वापरला म्हणून शिक्षा नाही. पण मार्च २०२४ मध्ये नवीन स्पॅम पॉलिसी आल्या, त्यातली एक नेमकी तुमच्या प्लॅनसाठीच लिहिल्यासारखी आहे : रँकिंगसाठी ढिगाने मजकूर तयार करणं, मग तो मशीनने केलेला असो, माणसांनी बसून केलेला असो की दोघांनी मिळून. मुद्दा मशीनचा नाहीच, ढिगाचा आहे.

आणि हे काही नवीन नाही हो. एआय नव्हता तेव्हा स्वस्तातले लेखक बसवून दिवसाला शेकडो लेख पाडणाऱ्या साइट होत्या, 'पाणी कसं उकळावं' छाप. फेब्रुवारी २०११ च्या पांडा अपडेटने (अपडेट म्हणजे गुगलने रँकिंगच्या पद्धतीत केलेला बदल) त्यातल्या कित्येकांचा बाजार उठवला. तेव्हाही आदल्या दिवसापर्यंत सगळ्यांचे आलेख वरच जात होते.

मी स्वतः एआय वापरतो, लपवत नाही. मुद्दे सुचवायला, हेडिंग नीट करायला, लांबलेलं वाक्य तोडायला. पण ३०० लेख म्हणजे दिवसाला १०. त्यातला एक तरी तुम्ही स्वतः पूर्ण वाचणार आहात का? तुम्ही वाचणार नसाल तर दुसऱ्याने का वाचावा, आणि त्यात एखादी चुकीची माहिती गेली तर ती कुणाच्या नावावर गेली? महिन्याला चार लिहा, पण त्यात असं काहीतरी असू द्या जे फक्त तुम्हालाच माहीत आहे, विद्यार्थी नेमके कुठे अडकतात, कोणता धडा सगळे अर्धवट सोडतात, असलं. हे बाहेरून कुणाला कॉपी करता येत नाही, निदान लगेच तरी नाही.

प्रश्न : माझा स्पर्धक सगळे उलटे धंदे करतो, त्याच्या लिंक मी टूलमध्ये बघितल्यात, सगळा कचरा. तरी तो दोन वर्षं माझ्या वर आहे. मग प्रामाणिक राहून काय मिळालं?

राग समजू शकतो. पण एक गोष्ट तपासा, तो त्या लिंकमुळे वर आहे हे तुम्हाला कसं कळलं? एप्रिल २०१२ मध्ये पेंग्विन अपडेट आला तेव्हा कचरा लिंक असतील तर साइटच खाली जायची. सप्टेंबर २०१६ च्या पेंग्विनपासून पद्धत बदलली, आता बहुतेक वेळा गुगल त्या लिंक फक्त मोजत नाही. शिक्षा नाही आणि फायदाही नाही. म्हणजे शक्यता अशी आहे की तुमचा स्पर्धक दर महिन्याला पैसे पाण्यात घालतोय आणि वर आहे तो भलत्याच कारणाने. साइट जुनी असेल, लोक त्याला नावाने शोधत असतील, किंवा, राग मानू नका, त्याचं पान तुमच्यापेक्षा चांगलं असेल. आणि तुम्ही त्याची नक्कल करायला जाल ती नेमकी त्या पाण्यात घातलेल्या पैशांची.

तिथेच दुसरी भीती असते, की तो आपल्यावर कचरा लिंक सोडेल. सोडू दे. आपण न केलेल्या फुटकळ लिंकसाठी बहुतेक साइटना काहीही करावं लागत नाही. या लिंक मोजू नका असं गुगलला सांगायचं डिसअव्हाउ टूल आहे २०१२ पासून, पण ते शक्यतो हाताने केलेल्या कारवाईसाठी ठेवा. काही लोक त्यात चांगल्या लिंकही टाकून बसतात आणि मग रडतात.

प्रश्न : आमचं ट्रॅफिक एका आठवड्यात अर्ध्यावर आलं. एजन्सी म्हणते अपडेट आलाय, वाट बघा.

वाट बघायच्या आधी सर्च कन्सोल (साइटमालकांसाठीचं गुगलचं टूल) उघडा, त्यात 'मॅन्युअल ॲक्शन'चा रिपोर्ट आहे. हाताने कारवाई झाली असेल तर तिथे कारणासकट लिहिलेलं असतं. तिथे काही असेल तर आधी घाण साफ करायची, काय केलं त्याची नोंद ठेवायची आणि मग पुनर्विचाराची विनंती पाठवायची. विनंतीत सबबी नकोत, काय केलं होतं आणि काय काढलं एवढंच लिहा. डिसेंबर २०१३ मध्ये गाण्यांच्या शब्दांची रॅप जीनियस ही साइट लिंकच्या भानगडीत गुगलने खाली ढकलली, त्यांनी प्रोग्राम लिहून लिंक शोधल्या, काढल्या आणि १० दिवसांत परत आले. तुम्हाला १० दिवसांत जमेल असं समजू नका, त्यांच्याकडे इंजिनियरांची फौज होती.

रिपोर्ट रिकामा असेल तर लगेच अपडेटवर बिल फाडू नका. एकदा मी स्वतः तीन आठवडे 'पेनल्टी' शोधत बसलो होतो, लिंक तपासल्या, लेख तपासले, अपडेटच्या तारखा जुळवल्या. शेवटी निघालं काय तर टेस्टिंगच्या वेळी लावलेला नोइंडेक्स टॅग (हे पान शोधात दाखवू नका असं सांगणारा) मीच काढायला विसरलो होतो! गुगल बिचारं सांगितलेलं ऐकत होतं. तेव्हा आधी नोइंडेक्स, मग रोबोट्स फाइल (गुगलने कुठली पानं बघायची नाहीत ते सांगणारी), मग जुन्या पत्त्यांवरून नव्या पत्त्यांवर ३०१ रीडायरेक्ट नीट आहेत का ते बघा, आणि गेल्या वर्षी याच आठवड्यात काय झालं होतं तेही बघा. सुट्ट्यांत कोर्सेसचं ट्रॅफिक असंही पडतं.

प्रश्न : एजन्सी सोडायची म्हटलं तर ते म्हणतात, सोडलंत तर सगळ्या लिंक काढून टाकू. असं करता येतं का?

येतं, आणि हे ऐकून तुम्हाला एक उत्तर आपोआप मिळालं. ज्या लिंक एका फोनवर काढता येतात त्या कधी कुणी मनापासून दिलेल्याच नव्हत्या, त्या भाड्याच्या होत्या. खुशाल काढू द्या, उलट लेखी मागा की सगळ्या काढल्या, यादीसकट. यादी पुढे उपयोगी पडेल.

पण हे बोलणं काढायच्या आधी गुपचूप एक काम करा. डोमेन कुणाच्या नावावर रजिस्टर आहे, कोणत्या ईमेलवर, ते बघा. होस्टिंगचा पासवर्ड, सर्च कन्सोलची ओनरशिप, ॲनालिटिक्स, सगळं. पत्र पाठवणाऱ्यांपैकी दोघांचं डोमेन एजन्सीच्याच नावावर निघालं आणि त्यांना ते आत्ता कळलं. तसं असेल तर आधी गोड बोलून डोमेन स्वतःच्या खात्यात आणा, सर्च कन्सोलमधून त्यांचा ॲक्सेस काढा, साइटचा पूर्ण बॅकअप घ्या. भांडण त्यानंतर.