माझ्या भाच्याला संगीतासाठी परदेशात जायचंय, पण घरचे म्हणतात आवड वेगळी आणि पोटापाण्याचं वेगळं. लहानपणीच्या संगीताच्या वेडाचं परदेशात जाऊन खरंच करिअर होतं का? एखादं खरं उदाहरण आहे का?

होतं. आणि प्रश्नात तुम्ही लिहिलंय ना की घरचे म्हणतात आवड वेगळी आणि पोटापाण्याचं वेगळं, ते वाचून मला लगेच हसन हकमून हा वादक आठवला, कारण तो ज्या परंपरेतून आला तिथे या दोन गोष्टी कधी वेगळ्या नव्हत्याच.

हसन मोरोक्कोतल्या माराकेशचा, जन्म १९६३. त्याची आई लोकांवर पारंपरिक उपचार करणारी म्हणून त्या शहरात ओळखली जायची, म्हणजे घरात दुखणं, सूर, देवाधर्माचं सगळं एकत्रच. चार वर्षांचा असताना तो रस्त्यावर गारुडी आणि तोंडातून जाळ काढणाऱ्यांच्या बरोबरीने कला दाखवायचा. चौदाव्या वर्षापर्यंत तर तो रात्र-रात्र चालणाऱ्या विधींमध्ये वाजवणारा पक्का वादक झाला होता.

हे विधी काय ते थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. गनावा म्हणून एक समाज आहे मोरोक्कोत, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडून गुलाम करून आणलेल्या लोकांचे वंशज, आणि त्यांचं संगीतही त्याच नावाने ओळखलं जातं. त्यांच्या रात्रभराच्या विधीला लीला म्हणतात. आपल्याकडच्या जागरण-गोंधळासारखं समजा, म्हणजे रात्री सुरू आणि पहाटेपर्यंत गाणं, नाच, धूप, अंगात येणं. सात रंग असतात, प्रत्येक रंगाचे आपापले आत्मे आणि त्यांची ठरलेली गाणी. मुख्य वादकाला मअल्लेम म्हणतात, उस्तादच म्हणा ना. त्याच्यासमोर कुणाच्या अंगात आलं की त्या माणसाचं पुरतं शांत होईपर्यंत त्याने थांबायचं नसतं, लय कधी वाढवायची, कुठली ओळ परत घ्यायची हे सगळं समोरच्याच्या अंगाकडे बघून ठरवायचं. पोरं लहानपणापासून यात असतात, आधी नाच आणि हातातले लोखंडी टाळ (त्यांना क्राकेब म्हणतात), मग पुष्कळ वर्षांनी मुख्य वाद्य.

ते मुख्य वाद्य म्हणजे सिंतीर, गेंब्री पण म्हणतात. मी स्वतः बास गिटार वाजवतो, म्हणून या माणसापर्यंत पोचलो, कारण सिंतीर अगदी बासच्याच खालच्या सुरात बोलतं. लाकडाच्या एका ओंडक्यातून कोरलेलं, वर उंटाचं कातडं, आतड्याच्या तीन तारा. वाजवताना बोटं तार छेडतात आणि त्याच हाताने कातड्यावर ठोकाही पडतो, त्यामुळे बास आणि ड्रम एकाच माणसाकडून ऐकू येतात. मला अजूनही ऐकताना विश्वास बसत नाही की हे एकच जण वाजवतोय.

तर १९८७ मध्ये हसन एका छोट्या नृत्य-गटाबरोबर न्यूयॉर्कला लिंकन सेंटरमध्ये कार्यक्रमाला आला आणि पुढे अमेरिकेतच राहिला. विशीतला पोरगा, नवीन देश, पण वाद्याच्या बाबतीत तो शिकाऊ नव्हता आणि माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. न्यूयॉर्कच्या जॅझवाल्यांना गनावा अगदीच अनोळखीही नव्हतं, ब्रुकलिनचा पियानोवादक रँडी वेस्टन आधीच मोरोक्कोत राहून गनावा उस्तादांबरोबर वाजवून आला होता. हसनच्या १९९१ च्या अल्बममध्ये ट्रम्पेटवर डॉन चेरी आहे, जॅझमधलं केवढं मोठं नाव! १९९२ मध्ये क्रोनोस क्वार्टेट या व्हायोलिन-चेलोवाल्या चौघांनी आफ्रिकन संगीतकारांच्या रचनांचा अल्बम काढला त्यात त्याची रचना आहे. १९९३ मध्ये इंग्लिश रॉक गायक पीटर गॅब्रिएलच्या रिअल वर्ल्ड या कंपनीने त्याचा 'ट्रान्स' हा अल्बम काढला आणि १९९४ च्या वुडस्टॉक या अमेरिकेतल्या मोठ्या संगीत महोत्सवात तो हजारो लोकांसमोर वाजवत होता.

लोक म्हणतात फ्यूजन केलं म्हणून चाललं. मला ते पटत नाही. 'ट्रान्स' मध्ये ड्रमसेट आहे, इलेक्ट्रिक गिटार आहे, सगळं आहे, पण नीट ऐका, सगळे सिंतीरच्या मागे चाललेत, सिंतीर कुणाच्या मागे नाही. समोरच्याला बघून लय हलवायची ती लीलेतली सवय जॅझवाल्यांना लगेच ओळखीची वाटली असणार, तेही हेच करतात ना, फक्त कारण वेगळं. त्याने परदेशात आल्यावर स्वतःचं पातळ केलं नाही, आणि करायची गरज पडली नाही कारण हातात जे होतं ते पूर्ण होतं.

म्हणून तुमच्या भाच्याबद्दल माझं म्हणणं एवढंच की आत्ता व्हिसा, कोर्स, कुठलं शहर याची चर्चा नंतर करा, आधी तो आठवड्यातून किती वेळा खऱ्या माणसांसमोर वाजवतो ते बघा. लग्न, भजन, गणपतीचा मंडप, काहीही चालेल, जिथे लोक कंटाळले तर उठून जातात अशी जागा हवी. क्लासमधल्या परीक्षा त्याला ते शिकवणार नाहीत. आणि हो, अशी वाट सापडलेला हसन एकटा नाही, न्यूयॉर्कमध्येच इनोव्ह गनावा नावाचा मोरोक्कन लोकांचा गट आहे, बोनोबो या ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक संगीतकाराबरोबर केलेल्या त्यांच्या गाण्याला २०१८ च्या ग्रॅमीत नामांकन होतं.

ऐकायचं असेल तर आधी हसनचा 'द फायर विदिन' (१९९५) हा अल्बम लावा, त्यात वाद्यांची गर्दी नाही त्यामुळे सिंतीर नीट कळतं, मग 'ट्रान्स'. फक्त फोनच्या स्पीकरवर नका ऐकू, खालचा सूर त्यात येतच नाही, हेडफोन लावा.