ग्लासने वाइन देणाऱ्या दुकानात पहिल्यांदा जाताना काय पाहावे?
जवळच्या वाइनच्या दुकानात ग्लासनेही वाइन मिळत असेल, तर पूर्ण बाटली घेण्याआधी तिथे एक ग्लास घेऊन पाहणे केव्हाही चांगले. मात्र किमतीच्याही आधी बाटली कधी उघडली हे विचारावे. कारण उघडलेल्या वाइनला हवेतील ऑक्सिजन लागला की तिचा फळांसारखा ताजा गंध हळूहळू मावळतो आणि काही दिवसांत व्हिनेगरसारखा आंबट दर्प येऊ लागतो. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत १५० मिलिलिटरचे ५ ग्लास बसतात, त्यामुळे जिथे गिऱ्हाइकांची बऱ्यापैकी वर्दळ असते, तिथे वाइनची चव उतरण्याआधीच बाटली संपते. रेड वाइन कोमट लागली, तर थोडी गार करून मागायला अजिबात संकोचू नये. आपली आवड दुकानदाराला मोकळेपणाने सांगावी. जाणकार दुकानदार बहुधा आधी घोटभर चाखायला देतो.