स्कॅनर कोणताही घ्या, पण क्रमांकांची यादी स्वतःकडे ठेवा

वॉर्ड राउंडमध्ये क्लिनिकल फार्मासिस्टने (वॉर्डात रुग्णांची औषधे तपासणाऱ्या फार्मासिस्टने) औषधोपचारात सुचवलेले बदल संध्याकाळपर्यंत रजिस्टरमध्ये लिहायचे राहून जातात, म्हणून स्कॅन करताच नोंद व्हावी असे प्रत्येक कामाच्या बारकोडचे, खिशात मावणारे कार्ड करायचे आहे, पण कोणता स्कॅनर घ्यावा हे ठरत नाही, असे आपण लिहिले आहे. आम्हीही याच अडचणीतून गेलो आहोत. स्कॅनर हा यातला सर्वांत सोपा भाग आहे. मोबाइलच्या पडद्यावरचा कोड वाचायचा असेल तर लेझरऐवजी प्रतिमा टिपणारा घ्यावा, एवढेच.

आमचे खरे नुकसान झाले ते बारकोडमागच्या सांकेतिक क्रमांकांच्या यादीत. मूत्रपिंडाच्या कार्यानुसार मात्रा कमी करणे, दोनदा लिहिले गेलेले औषध बंद करणे, शिरेतून चाललेले प्रतिजैविक तोंडावाटे सुरू करणे, अशा प्रत्येक कामाला एक क्रमांक होता आणि ती यादी रुग्णालयाच्या संगणक विभागाच्या ताब्यात होती. त्या विभागाने आम्हाला न कळवता काही कामे एकत्र केली आणि मोकळे झालेले क्रमांक दुसऱ्याच कामांना दिले. आमच्या खिशातली कार्डे जुनीच राहिली. स्कॅनर बिनचूक वाचत होता, पण मात्रा कमी केल्याची नोंद अहवालात भलत्याच कामाखाली जात होती. जुनी यादी मागितली तेव्हा ती जपून ठेवलेली नाही असे सांगण्यात आले आणि लेखी अर्जाला उत्तरच मिळाले नाही. ज्या नोंदींच्या आधारे आम्ही आणखी एका क्लिनिकल फार्मासिस्टचे पद मागणार होतो, त्या निरुपयोगी ठरल्या, आणि रुग्णांसाठी झालेले काम असे पुसले जावे याचा संताप मला आजही येतो.

म्हणून एकदा दिलेला क्रमांक पुन्हा कधीही दुसऱ्या कामाला देऊ नये. यादी फार्मसीने स्वतःकडे ठेवावी, आणि कार्डावर यादीच्या आवृत्तीचा वेगळा बारकोड छापून पाळीच्या सुरुवातीला तो स्कॅन करावा, म्हणजे कोणती नोंद कोणत्या यादीनुसार झाली हे नंतरही सांगता येते. डॉक्टरांनी सूचना स्वीकारली, बदल करून स्वीकारली की नाकारली, याचे कोड हवेतच. नुसत्या सूचना मोजून फार्मासिस्टचे मूल्यमापन करण्यास माझा स्पष्ट विरोध आहे, कारण त्यामुळे क्षुल्लक नोंदी वाढतात.

औषधासाठी वेष्टनावरच्या कोडवर विसंबू नये. १ ऑगस्ट २०२३ पासून उत्पादित होणाऱ्या ३०० ठरावीक ब्रँडना बारकोड किंवा क्यूआर कोड बंधनकारक आहे, पण तो औषधाचा अस्सलपणा तपासण्यासाठी आहे, आणि वॉर्डातली इतर असंख्य औषधे त्या यादीत नाहीत. आपल्या रुग्णालयाच्या औषधसूचीवरून स्वतःचे कोड छापावेत. त्यासाठी बारकोडच्या प्रकारांपैकी कोड १२८ बरा, कारण त्यात वाचनातली चूक पकडणारे पडताळणीचे चिन्ह अंगभूत असते. कोड ३९ या दुसऱ्या प्रकारात ते ऐच्छिक आहे आणि पट्टीही रुंद होते. चकचकीत लॅमिनेशन टाळावे, कारण प्रकाश परावर्तित होऊन वाचन अडते.

मी संगणकतज्ज्ञ नाही आणि आपल्याकडची प्रणाली वेगळी असू शकते, तेव्हा हे पडताळून घ्यावे. शिवाय व्हॅन्कोमायसिन या प्रतिजैविकाची रक्तातील पातळी पाहून मात्रा ठरवण्यासारखे काम एका क्रमांकात मावत नाही. त्यासाठी ‘सविस्तर टीप केस पेपरवर’ असा एक कोड ठेवावा आणि ती टीप त्याच वेळी, रुग्णाच्या खाटेजवळच लिहावी.