‘एअरप्लेन!’ आजही का हसवतो?

‘एअरप्लेन!’ हा १९८० सालचा चित्रपट ज्या आपत्तीपटांची टर उडवतो, ते आज फारसे कोणी पाहत नाही. तरीही नव्या प्रेक्षकाला तो का हसवतो, असा आपला प्रश्न आहे. मला याचे मुख्य कारण असे वाटते की त्याचा विनोद अवाजवी गांभीर्याच्या जोरावर चालतो, आणि अवाजवी गांभीर्य ओळखायला कोणत्याही पिढीतील प्रेक्षकाला पूर्वतयारी लागत नाही.

हे विडंबन ‘एअरपोर्ट’ (१९७०) आणि त्याच्या पुढच्या भागांचे आहे, असे सर्रास सांगितले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. कथेचा सांगाडा १९५७ च्या ‘झीरो आवर!’ या कृष्णधवल चित्रपटाचा आहे. जेवणातील माशातून वैमानिकांना विषबाधा होते आणि युद्धातील आठवणींनी खचलेल्या एका माजी लढाऊ वैमानिकाला विमान उतरवावे लागते, ही त्याची गोष्ट. जिम अब्राहम्स, डेव्हिड झुकर आणि जेरी झुकर या तिघा दिग्दर्शकांनी त्या चित्रपटाचे हक्क रीतसर विकत घेतले आणि नायकाच्या नावापासून कित्येक संवादांपर्यंत बरेच काही जवळजवळ तसेच ठेवले. (गंमत म्हणजे ‘झीरो आवर!’च्या लेखकांपैकी एक असलेल्या आर्थर हेली यांच्याच कादंबरीवरून पुढे ‘एअरपोर्ट’ निघाला.) त्यामुळे विनोद बाजूला काढले तरी ‘विमान उतरेल का?’ हा प्रश्न शिल्लक राहतो, आणि प्रेक्षक नकळत त्यात गुंततो. निव्वळ संदर्भांची माळ ओवणाऱ्या नंतरच्या अनेक विडंबनपटांकडे हा कणाच नव्हता, म्हणून ते दोन-चार वर्षांतच शिळे झाले.

दुसरी गोष्ट नटांच्या निवडीची. लेस्ली नील्सन, रॉबर्ट स्टॅक, पीटर ग्रेव्हज आणि लॉइड ब्रिजेस ही तोपर्यंत धीरगंभीर भूमिकांसाठी ओळखली जाणारी मंडळी होती. नील्सन तर ‘द पोसायडन अ‍ॅडव्हेंचर’ (१९७२) मध्ये बुडणाऱ्या जहाजाचे कप्तान होते. आपण विनोदी चित्रपटात आहोत याची यांपैकी कोणालाही कल्पनाच नसावी, अशा पद्धतीने ते काम करतात. नील्सन यांचा डॉक्टर कॉकपिटच्या दारात येऊन ‘तुम्हा दोघांना शुभेच्छा, आम्हा सर्वांची भिस्त तुमच्यावर आहे’ अशा अर्थाचे वाक्य अत्यंत कळकळीने म्हणतो. थोड्या वेळाने तो पुन्हा येतो आणि तेच म्हणतो. विमान सुखरूप उतरल्यावरही तो दार उघडतो आणि तीच कळकळ, तेच वाक्य. नटाने एकदा जरी डोळा मिचकावला असता, तरी या प्रसंगाचा जीव गेला असता. एल्मर बर्नस्टाइन यांचे पार्श्वसंगीतही याच वळणाचे आहे. पडद्यावर कितीही वेडेपणा चालो, वाद्यवृंद खरोखरीचे संकट कोसळल्यासारखाच वाजत राहतो.

संदर्भ माहीत नसला तरी दृश्य कसे चालते, याचे माझे आवडते उदाहरण गिटारचे आहे. आजारी मुलीचे मन रमवण्यासाठी हवाई सुंदरी गिटार घेऊन गाऊ लागते, प्रवासी प्रसन्न चेहऱ्याने माना डोलावतात, आणि गाण्याच्या भरात गिटारच्या दांड्याने मुलीची सलाइनची नळी निघून येते. मुलगी तडफडते, गाणे मात्र रंगतच जाते. मूळ दृश्य ‘एअरपोर्ट १९७५’ मधील गाणाऱ्या ननचे आहे, हे ज्याला ठाऊक असेल त्याला थोडे अधिक हसू येईल इतकेच. तीच गोष्ट विमानाच्या आवाजाची: पडद्यावर जेट विमान दिसते आणि ऐकू येते ती मात्र पंख्याच्या विमानाची घरघर. अनेकांच्या ते पहिल्या खेपेला लक्षातही येत नाही. जेमतेम दीड तासाच्या या चित्रपटात अशा गोष्टी मागच्या बाजूला, कोपऱ्यात, कोणी बोट न दाखवता घडत राहतात, म्हणून तो पुन्हा पाहावासा वाटतो.

सगळेच टिकले आहे, असे मी म्हणणार नाही. त्या काळच्या अमेरिकी कॉफीच्या जाहिरातीवरील टोमणा आपल्याला अजिबात कळत नाही, आणि स्त्रियांवरचे व वंशावरचे काही विनोद आज खटकतात. पण एक विनोद फसल्याचे जाणवेपर्यंत पुढचा येऊन गेलेला असतो.

त्याच १९८० साली आपल्याकडे ‘द बर्निंग ट्रेन’ प्रदर्शित झाला होता. जळत्या गाडीत गाणी आणि प्रार्थना चालणारा तो चित्रपट आपण पाहिला असेल, तर ‘एअरप्लेन!’साठी आणखी कोणत्याही तयारीची गरज नाही. मात्र श्रेयनामावली सुरू झाली म्हणून उठू नका. सुरुवातीला नायक आपल्या टॅक्सीत ज्या गिऱ्हाइकाला मीटर चालू ठेवून बसवून जातो, ते बिचारे शेवटपर्यंत वाट पाहत तिथेच बसलेले आहे.