अस्थिकलश आणि स्मृतिदागिन्यांवर कोणती चिन्हं जास्त निवडली जातात?

झाड, फुलपाखरू, उडणारा पक्षी, हृदय, अनंताचं चिन्ह ही नेहमीची. पाळीव प्राण्यासाठी पंजाचा ठसा. पण मला सगळ्यांत जवळचं वाटतं ते गेलेल्या माणसाच्या बोटाचा ठसा किंवा त्याच्याच हस्ताक्षरातली सही कोरलेलं लॉकेट. ते दुसऱ्या कुणाचं असूच शकत नाही.

लॉकेटमध्ये चिमूटभरच रक्षा मावते. बारीक स्क्रू काढायचा, इवल्याशा नरसाळ्यातून रक्षा आत सोडायची, आट्यांवर थेंबभर गोंद लावून स्क्रू घट्ट बसवायचा. खाली कागद अंथरा आणि घाई अजिबात करू नका.

प्रौढ व्यक्तीच्या पूर्ण रक्षेसाठी साधारण ३.३ लिटरचा कलश लागतो. पितळ, लाकूड, चिनी माती, काहीही चालेल. पाण्यात सोडायचा असेल तर मिठाचा, विरघळणारा घ्या.