फी माफ आहे, पण सेमिस्टर पदरात पडेल का?

प्रश्न: मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या विद्यापीठाच्या करारातून येत्या ऑक्टोबरपासून जर्मनीत एक्सचेंजवर जाण्याची संधी आहे. लाइपझिग किंवा म्युनिक, एक सेमिस्टर किंवा पूर्ण वर्ष, हे मी ठरवायचे आहे. तिथली फी माफ आहे. शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे युरोत मोजले तर 6,800 होतात, आणि दर महिन्याला आणखी 150 बाजूला पडतात. आई तीन वर्षांत निवृत्त होईल. ती निवृत्तीच्या ठेवीतले 5,000 द्यायला तयार आहे. व्हिसासाठी वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात, म्हणजे जवळपास जमतेच. विमानाचे जाऊन-येऊन 700 होतील. शिष्यवृत्तीचा अर्ज केला आहे, निकाल यायचा आहे. क्रेडिटचे काय ते परत आल्यावर बघू, असे विभागप्रमुख म्हणाले. वर्षभर जावे का?

उत्तर: नको. एकच सेमिस्टर जा, लाइपझिगला जा, आणि आईच्या ठेवीला हात लावू नका. तेही एका अटीवर. ती अट तुमच्या पत्रातल्या शेवटून दुसऱ्या वाक्यात लपली आहे, तिच्याकडे नंतर येतो.

आधी ‘फी माफ’ या शब्दांची हवा थोडी काढतो. एक्सचेंजमध्ये विद्यार्थी आपली फी आपल्याच विद्यापीठात भरतो आणि यजमान विद्यापीठ त्याच्याकडून शिक्षणशुल्क घेत नाही. तुमची फी घरी चालूच राहणार आहे. जिथे परदेशी विद्यार्थ्यांना जबर शुल्क असते तिथे ही माफी मोलाची. स्वीडनने 2011 पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना शुल्क लावले, पण एक्सचेंजवर येणाऱ्यांना ते भरावे लागत नाही. तिथे खरेच पैसे वाचतात. जर्मनीत मात्र बहुतेक सरकारी विद्यापीठे मुळातच शिक्षणशुल्क घेत नाहीत. तेव्हा लाइपझिगची माफी ही मोठी बचत समजून तिच्या जोरावर दुसरीकडे हात सैल सोडू नका. सेमिस्टरचे अंशदान, म्हणजे विद्यार्थी सोयींसाठीची वर्गणी, वेगळे असते आणि ते भरावे लागते. 300 धरा.

आता ते 11,904. हा आकडा म्हणजे महिन्याचे 992 गुणिले बारा. हे 992 जर्मन सरकारने आपल्याच विद्यार्थ्यांना द्यायच्या मदतीच्या कमाल रकमेवरून घेतले आहेत, आणि त्या रकमेची फोड पाहण्यासारखी आहे: 475 जगण्याचे, 380 घरभाड्याचे, 137 आरोग्य आणि शुश्रूषा विम्याचे. म्हणजे तुमची खोली 380 मध्ये बसली तरच हे गणित चालते. लाइपझिगच्या विद्यार्थी वसतिगृहात ते शक्य आहे. म्युनिकमध्ये बाहेर खोली घ्यावी लागली तर याच्या दुपटीची तयारी ठेवावी लागेल, आणि तो फरक तुमच्या जेवणातून जाईल. म्युनिकचे नाव मोठे आहे हे मान्य, पण गुणपत्रकावर शहराचे भाडे छापून येत नाही.

दुसरे असे की 11,904 ही दाखवायची रक्कम आहे, लागणारी नव्हे. ती ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसासाठी पैसे अडकवून ठेवायच्या खात्यात भरतात, आणि त्यातून महिन्याला 992 च सुटतात. तेही तुम्ही तिथे पोहोचून, स्थानिक खाते उघडून, कागद पुरे केल्यावर. पण मोठे खर्च नेमके त्याआधीच अंगावर येतात: व्हिसाचे 75, विमानाचे 700, सेमिस्टर अंशदानाचे 300 आणि खोलीचे डिपॉझिट. डिपॉझिट कायद्याने तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत मागता येते, मी दोन महिन्यांचे म्हणून 700 धरतो. झाले 1,775. हे पैसे त्या खात्याबाहेर, हाताशी हवेत. मी पाहिलेले बहुतेक विद्यार्थी इथेच अडतात. खात्यात हजारो युरो असतात आणि पहिल्या आठवड्यात डिपॉझिटसाठी मित्राकडे हात पसरावा लागतो.

वर्षभराचा हिशेब मांडू. 11,904 अधिक 1,775, अधिक दुसऱ्या सेमिस्टरचे अंशदान 300, अधिक राहण्याच्या परवान्याचे 100. एकूण 14,079. तुमच्याकडे 6,800, ऑक्टोबरपर्यंतच्या आठ महिन्यांत आणखी 1,200, आणि आईचे 5,000. बेरीज 13,000. म्हणजे आईची ठेव मोडूनही हजारभर युरो कमीच. तुम्ही ‘जवळपास जमते’ म्हणालात, ती ही जागा. आणि ही तूट परदेशात असताना उभी राहील, जेव्हा मागे फिरणेही परवडत नाही.

एका सेमिस्टरचे पाहा. सहा महिन्यांचे 5,952 तुमच्या आजच्या शिलकीतून जातात, 848 उरतात. त्यात आठ महिन्यांचे 1,200 घाला, 2,048 होतात. प्रवास आणि सुरुवातीचे 1,775 त्यातून भागतात. उरतात 273. त्यातून ब्लॉक्ड अकाउंटची फी आणि एक बरा हिवाळी कोट निघेल, फार काही नाही. पण हे तुमच्या स्वतःच्या पैशांत, कोणाचे देणे न करता होते. सोयही आहे: व्हिसाच्या वेळी लागणारी मोठी रक्कम आज तयार आहे, आणि निघताना लागणारी महिन्याच्या बचतीतून जमत जाईल. परत आल्यावर शिकवण्या पुन्हा बसायला दोनेक महिने लागतील. तेव्हा डिपॉझिटचे 700 कामी येतील, फक्त ते खोली सोडल्या दिवशी मिळत नाहीत, काही आठवडे धरून चाला.

तिथे काम करून भर घालू, असे तुमच्या मनात असेल. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना जर्मनीत वर्षाला 140 पूर्ण दिवस काम करता येते, ही सवलत खरी आहे. पण सेमिस्टरचे 30 क्रेडिट, आणि तिथे एका क्रेडिटला साधारण 30 तास अभ्यास धरतात. म्हणजे 900 तास. त्यात नवी भाषा. काम मिळाले तर ते पैसे फिरण्याला वापरा, भाड्याच्या हिशेबात धरू नका.

आईबद्दल. तिची तयारी आहे म्हणून ते पैसे मोकळे आहेत असे होत नाही. तीन वर्षांत 5,000 परत जमवण्याइतकी तिची नोकरी उरलेली नाही, आणि परत देणाऱ्या तुम्ही, तेव्हा नुकत्याच कमावू लागलेल्या असाल. तिच्याकडून मागायचेच असेल तर एवढेच मागा: अचानक परतावे लागले तर तिकिटापुरते 700 तिने तयार ठेवावेत. देऊ नयेत, ठेवावेत.

शिष्यवृत्ती इरास्मस प्लसची, म्हणजे युरोपीय संघाच्या विद्यार्थी-देवाणघेवाण योजनेची असेल, तर युरोपबाहेरून येणाऱ्यांना महिन्याला 800 ते 900 युरो आणि अंतराप्रमाणे प्रवासखर्च मिळतो. ती मिळाली तर चित्र पालटते. व्हिसासाठी पुराव्यात तिचे पत्र दाखवता येते, स्वतःला फक्त वरचा फरक भरावा लागतो, आणि मग दुसऱ्या सेमिस्टरचा विचार तिथूनही करता येईल, करारात मुदतवाढीची सोय असली तर. आत्ताच विचारून ठेवा. एक सावधगिरी: अशा शिष्यवृत्त्या हप्त्यांनी येतात आणि शेवटचा हप्ता बहुधा सगळे संपल्यावर. निकाल हाती येईपर्यंत हिशेबात शून्य धरा.

आता ती अट. ‘क्रेडिटचे परत आल्यावर बघू.’ सगळ्या पत्रात मला धास्ती वाटली ती याच वाक्याची. युरोचा दर थोडा वरखाली झाला तर शे-दोनशेचा फरक. पण ते 30 क्रेडिट तुमच्या विभागाने धरले नाहीत, तर ते सेमिस्टर घरी पुन्हा करावे लागेल: पुन्हा फी, पुन्हा सहा महिने, आणि नोकरीचा पहिला पगार सहा महिने उशिरा. हा खर्च सहलीच्या खर्चाएवढा, कदाचित जास्तही. शिवाय तिथले हिवाळी सेमिस्टर कागदोपत्री 31 मार्चला संपते, तासिका फेब्रुवारीत संपल्या तरी परीक्षा मार्चपर्यंत लांबू शकतात. तुमचे इथले पुढचे सत्र त्याआधी सुरू होत असेल तर तोही पेच आजच सोडवायला हवा.

यावर उपाय जुना आणि साधा आहे, लर्निंग ॲग्रीमेंट. तिथला कोणता विषय, किती क्रेडिट, त्याबदल्यात आपल्याकडचा कोणता विषय सुटणार, हे निघण्यापूर्वी लिहून तुमची आणि दोन्ही विद्यापीठांची सही. तिथे गेल्यावर एखाद्या विषयाच्या जागा भरल्या म्हणून किंवा वेळ जुळत नाही म्हणून बदलावा लागतोच, तेव्हा बदलाची मंजुरी ईमेलवर घ्या, फोनवर नको. विभागप्रमुख चांगले असतील, पण वर्षभरात ती खुर्ची बदलू शकते.

तेव्हा या आठवड्यात बँकेत नव्हे, विभागात जा. दोन्ही विद्यापीठांना चालतील असे विषय मांडून तक्ता घेऊन जा, कोऱ्या कागदावर कोणी सही करत नाही. नकार आला तर ही फेरी सोडा, साठवलेले पैसे कुठे पळत नाहीत. आणि होकार तोंडी असेल, तर तिकीट कितीही स्वस्त दिसले तरी काढू नका.