सर्व्हिस फाइल जळाली, तरी खेळाडूचा माग लागतो

पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या एका सदस्याचा प्रश्न थोडक्यात असा: गावच्या युद्धस्मारकावर एका बेसबॉल खेळाडूचं नाव आहे, तो दुसऱ्या महायुद्धात मारला गेला. त्याचं आयुष्य नीट लिहून काढायचं आहे. पण सेंट लुईसच्या लष्करी नोंदींच्या कचेरीतून 'फाइल १९७३ च्या आगीत गेली असावी' असं पत्र आलं. आता पुढे काय?

आधी एक गोष्ट नक्की करा: तो कोणत्या दलात होता? १२ जुलै १९७३ च्या त्या आगीत १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फाइली गेल्या खऱ्या, पण सगळ्या दलांच्या नाही गेल्या. नोव्हेंबर १९१२ ते जानेवारी १९६० या काळात सेवेतून बाहेर पडलेल्या भूदलाच्या माणसांच्या सुमारे ८० टक्के फाइली जळाल्या. हवाई दल तेव्हा भूदलाचाच भाग होतं, म्हणून युद्धात गेलेल्या वैमानिकांच्या फाइलीही त्याच ढिगात होत्या. नौदल आणि मरीन (नौदलाशी जोडलेलं वेगळं लढाऊ दल) यांच्या फाइलींना मात्र धक्का लागला नाही. तुमचा खेळाडू मरीन असेल आणि अर्जात तुम्ही 'आर्मी' असं लिहिलं असेल, तर आलेलं उत्तर त्याच्याबद्दलचं नाहीच. दल दुरुस्त करून पुन्हा अर्ज करा.

हा फरक किती मोठा आहे ते दोन माणसांवरून कळेल. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या सर्वोच्च पातळीवर, खेळलेले दोघेच दुसऱ्या महायुद्धात प्रत्यक्ष लढाईत मारले गेले: हॅरी ओ'नील आणि एल्मर गेडियन. दोघांचाही जन्म १९१७ चा आणि दोघेही मेजर लीगमध्ये फक्त १९३९ साली खेळले. ओ'नील फिलाडेल्फिया अॅथलेटिक्सकडून एकच सामना खेळला. २३ जुलैला डेट्रॉइटमध्ये, १६-३ असा हरलेला. त्यात तो शेवटी शेवटी कॅचर म्हणून उतरला आणि बॅटिंगची पाळी त्याला आलीच नाही. गेडियन वॉशिंग्टनकडून पाच सामने खेळला, १५ वेळा बॅटिंग, तीन हिट. पुढे ओ'नील मरीनमध्ये गेला आणि ६ मार्च १९४५ ला जपानच्या इवो जिमा बेटावर पडला. गेडियन बी-२६ बॉम्बर चालवत होता. २० एप्रिल १९४४ ला उत्तर फ्रान्सवर त्याचं विमान पडलं, तेव्हा सत्ताविसावा वाढदिवस होऊन पाच दिवस झाले होते. खेळातली नोंद दोघांचीही ओळभर, पण कागद शोधायच्या वाटा पूर्ण वेगळ्या.

मरीन असेल तर वाट सरळ आहे. सेवा संपून ६२ वर्षं झाली की फाइल सार्वजनिक होते, मृत्यूने संपलेली सेवाही त्यात धरतात. म्हणजे नातेवाइकाची सही लागत नाही, कोणीही मागू शकतो. अर्जाचा नमुना एसएफ-१८०. पूर्ण नाव, जन्मतारीख, दल आणि सेवा क्रमांक भरा. क्रमांक माहीत नसेल तरी अर्ज चालतो, फक्त शोध लांबतो. पाच पानांपर्यंत २५ डॉलर आणि त्याहून जास्त असेल तर ७० डॉलर असा दर आहे. पैसे भरण्याआधी चालू दर एकदा बघून घ्या. 'निवडक पानं' मागू नका, पूर्ण फाइलच मागा. भरतीच्या वेळची शिफारसपत्रं आणि वैद्यकीय तपासणी यांतच माणूस दिसतो, आणि निवडक पानं मागितली की नेमकी तीच गळतात. फाइल येईपर्यंत मरीनच्या हजेरीपटांवर बसा. ते ऑनलाइन आहेत. तुकडी, हुद्दा, बदली, जखमी होऊन इस्पितळात गेल्याची नोंद, सगळं त्यात सापडतं. ओ'नील इवो जिमाच्या आधी पॅसिफिकमधल्या सायपान बेटावर जखमी झाला होता. अशी घटना हजेरीपट आणि तुकडीचा कारवाई अहवाल शेजारी ठेवल्यावरच तारखेनिशी जुळते.

भूदल किंवा हवाई दल असेल तर जळालेल्या फाइलीच्या कडेकडेने जावं लागतं. सुरुवात सेवा क्रमांकापासून. पहिला आकडा १ असेल तर माणूस स्वेच्छेने आलेला, २ असेल तर नॅशनल गार्डमधून (राज्यांच्या राखीव दलातून), ३ असेल तर सक्तीच्या भरतीतला. अधिकाऱ्याच्या क्रमांकाआधी 'ओ' अक्षर असतं. ३ नंतरचा आकडा भरतीचा विभाग सांगतो. ओहायोतून भरती झालेल्याचा क्रमांक साधारणपणे ३५ ने सुरू होतो. इथे नवखा माणूस हमखास चुकतो: गेडियनसारखा जो १९४१ मध्ये सक्तीच्या भरतीत गेला आणि नंतर अधिकारी झाला, त्याचे क्रमांक दोन असतात. एकाच क्रमांकावर शोधलं तर अर्धं आयुष्यच हाती लागतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर भूदलाच्या भरतीची सुमारे ९० लाख नोंदींची यादी फुकट शोधता येते. ती जुन्या पंचकार्डांच्या मायक्रोफिल्मवरून उतरवलेली असल्यामुळे नावांत अक्षरं बदललेली असतात. नाव सापडलं नाही तर जन्मवर्ष आणि काउंटी (जिल्हा) टाकून चाळा. व्यवसायाच्या रकान्यात खेळाडूंचा वेगळा गट आहे, त्यानेही गाळता येतं. नौदल आणि मरीनची माणसं या यादीत नाहीत. ओ'नीलला तिथे शोधण्यात वेळ घालवू नका.

विमानासोबत बेपत्ता झालेल्यांसाठी 'मिसिंग एअर क्रू रिपोर्ट' असतो. पूर्ण चालक दलाची नावं, विमानाचा क्रमांक, इंजिनांचे क्रमांक, शेवटचं दिसलेलं ठिकाण आणि शेजारच्या विमानांतल्या साक्षीदारांचे जबाब त्यात मिळतात. गेडियनच्या विमानातला सहवैमानिक वाचला होता. असा वाचलेला माणूस असेल तर त्याचं निवेदनही अहवालाला पुढे जोडलेलं आढळतं, म्हणून पहिल्या दोन पानांवर थांबू नका. अमेरिकेतल्या प्रशिक्षणात झालेले अपघात मात्र या अहवालांत येत नाहीत. त्यांची वेगळी अपघात-नोंद अलाबामातल्या मॅक्सवेल तळावर हवाई दलाच्या इतिहास विभागात मिळते. ऑगस्ट १९४२ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात रॅलीला गेडियनचं बी-२५ कोसळलं आणि त्याने जळत्या विमानातून सहकाऱ्याला बाहेर ओढलं. त्यासाठी त्याला सोल्जर्स मेडल मिळालं. हे पदक शत्रूशी लढताना नव्हे, एरवी दाखवलेल्या धैर्यासाठी देतात. 'शत्रूसमोरचं शौर्य' असं लिहिलंत तर चूक होईल.

आता सगळ्यात मोलाचा कागद. मृत सैनिकाची स्वतंत्र फाइल असते, इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'आयडीपीएफ' म्हणतात. ती वेगळ्या जागी ठेवली होती, म्हणून आगीतून वाचली. कबरींचं काम सगळ्या दलांसाठी भूदलाचाच विभाग करायचा, म्हणून मरीन आणि नौदलाच्या माणसांचीही ती सापडते. पहिल्या तात्पुरत्या कबरीचा प्लॉट, ओळ आणि क्रमांक, दातांचा तक्ता आणि खिशात काय होतं याची यादी तिच्यात असते. घड्याळ, पाकीट, फोटो, किती डॉलर आणि किती सेंट, एवढ्या बारकाईने. युद्धानंतर घरच्यांना फॉर्म पाठवून विचारलं होतं: देह परदेशातल्या कायम दफनभूमीत ठेवायचा, अमेरिकेतल्या राष्ट्रीय दफनभूमीत आणायचा, की गावच्या स्मशानभूमीत? १ लाख ७० हजारांहून जास्त देह अशा रीतीने परत आले. त्या फॉर्मवर आई किंवा वडिलांची सही असते, कधी सोबत हाताने लिहिलेलं पत्रही. फाइल वाचताना मन घट्ट ठेवा, देहाच्या अवस्थेचं वर्णन आडपडदा न ठेवता केलेलं असतं. आणि घरच्यांपैकी कोणाला प्रती पाठवणार असाल तर ती पानं आधी विचारल्याशिवाय पाठवू नका.

मृत्यूच्या तारखेत तीन ठिकाणी फसगत होते. बेपत्ता माणसाला वर्ष उलटल्यावर कायद्याने मृत मानायचे. घटनेनंतर नेमक्या एक वर्ष आणि एका दिवसाची तारीख कुठे दिसली, तर ती कागदावरची तारीख समजा. गेडियनही आधी बेपत्ता म्हणूनच नोंदला गेला होता. सेंट-पोलच्या ब्रिटिश दफनभूमीत त्याची कबर सापडल्याचं वडिलांना कळलं तेव्हा मे १९४५ उजाडला होता. दुसरं, पश्चिम पॅसिफिकमधली तारीख अमेरिकेच्या एक दिवस पुढे असते, त्यामुळे दोन कागदांत ५ आणि ६ असा फरक आला तर लगेच कोणाला चुकीचं ठरवू नका. तिसरं म्हणजे वर्तमानपत्र. तार घरी पोहोचायला आठवडे लागायचे आणि बातमी त्यानंतर छापून यायची. बातमीवरून तारीख काढायची नाही, तारखेवरून बातमी शोधायची. साधारण दोन महिन्यांचे अंक चाळावे लागतात.

१९४६ मध्ये भूदलाने राज्य आणि काउंटीनुसार मृतांच्या याद्या छापल्या. नावापुढे आद्याक्षरं असतात: केआयए म्हणजे लढाईत ठार, डीओडब्ल्यू म्हणजे जखमांनी मृत्यू, डीएनबी म्हणजे लढाईशिवाय मृत्यू, एफओडी म्हणजे वर सांगितला तो कायदेशीर निष्कर्ष. स्मारकांवर सगळ्यांनाच 'रणात पडले' म्हणतात. तुम्ही मात्र अक्षरं बघूनच शब्द निवडा. अपघातात किंवा आजारात गेलेल्याचं मोल त्याने कमी होत नाही, खोट्या शब्दाने मात्र होतं.

खेळाच्या बाजूने पहिला कागद सक्तीच्या भरतीसाठी १६ ऑक्टोबर १९४० ला झालेल्या नोंदणीचं कार्ड. २१ ते ३५ वयाच्या सगळ्या पुरुषांनी ते भरलं. मालक कोण या रकान्यात क्लबचं नाव मिळालं तर उत्तम, पण ऑक्टोबरात हंगाम संपलेला असायचा, म्हणून बऱ्याचदा हिवाळ्यातल्या नोकरीचं नाव मिळतं: गिरणी, शाळा, दुकान. तेही टिपून ठेवा, स्थानिक वर्तमानपत्रात त्या नोकरीवरून माणूस पुन्हा सापडतो. पाठीमागे उंची, वजन, डोळ्यांचा रंग आहेच. मग स्पोर्टिंग न्यूज या बेसबॉल साप्ताहिकाची करारकार्डं, लॉस एंजेलिसच्या एलए-८४ संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट. त्यांवर प्रत्येक क्लब, दुसऱ्या क्लबला विक्री आणि करारातून मुक्ती तारखेनिशी लिहिलेली असते. 'नॅशनल डिफेन्स लिस्ट' (सैन्यात गेलेल्या खेळाडूंची यादी) अशी नोंद दिसली तर ती क्लबने नाव यादीत टाकल्याची तारीख आहे. भरतीची तारीख म्हणून ती वापरू नका. खेळाडू वय एक-दोन वर्षं कमी सांगायचे, म्हणून जन्मतारीख जन्मदाखल्यावरून किंवा जनगणनेवरून घ्या. मायनर लीगमधले, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या पातळीवरचे, शंभराहून जास्त खेळाडू त्या युद्धात मारले गेले आणि त्यांत सारख्या नावाची माणसं भरपूर आहेत. जन्मतारीख, गाव आणि आई-वडिलांचं नाव, या तिन्हींतल्या किमान दोन गोष्टी जुळल्याशिवाय कुठलाही कागद आपल्या माणसाचा मानू नका. कॉलेजात शिकलेला असेल तर तिथल्या अभिलेखागाराला पत्र टाका. ओ'नील गेटिसबर्गचा, गेडियन मिशिगनचा. कॉलेजच्या वार्षिकांत मिळतं ते लष्करी फाइलीत कधीच नसतं.

परदेशात मेलेल्याचा काउंटीत मृत्युदाखला नसतो, तो शोधत बसू नका. छावणीत किंवा इस्पितळात अमेरिकेतच गेलेल्याचा मात्र असतो. पहिल्या महायुद्धातल्या खेळाडूंना हे जास्त लागू पडतं. लॅरी चॅपेल नोव्हेंबर १९१८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या लष्करी इस्पितळात फ्लूने गेला, त्याचा माग राज्याच्या नोंदींतच लागेल. पेनसिल्व्हेनियासाठी आणखी एक हुकमी ठिकाण आहे: १९५० पासून राज्याने युद्धातल्या सैनिकांना भरपाई दिली. मृत सैनिकासाठी घरच्यांनी अर्ज केले, ते अॅन्सेस्ट्री या वंशावळीच्या संकेतस्थळावर पाहता येतात.

कबर प्रत्यक्ष किंवा फोटोवरून बघाच, आणि नावाला फसू नका. गेडियन व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीत आहे. ओ'नीलच्या नोंदीतही 'आर्लिंग्टन' असंच दिसतं, पण ती पेनसिल्व्हेनियातल्या ड्रेक्सेल हिलची स्थानिक आर्लिंग्टन दफनभूमी आहे. ती तुमच्याच राज्यात आहे.

स्मारकावर नावापुढे दल किंवा हुद्दा कोरला आहे का, ते आधी बघा, आणि सेंट लुईसच्या पत्रात कोणत्या दलाची फाइल शोधली असं लिहिलंय तेही. या दोन गोष्टी इथे टाका. भूदल निघालं तर आयडीपीएफचा अर्ज आजच पाठवा, कारण उत्तर यायला महिने लागतात. तोवर वर्तमानपत्रं आणि करारकार्डं पुरी होतील.